डिकॉलनायझेशनचा सहा आठवड्यांचा ऑनलाईन कोर्स केला, साडेतीन स्टार

आधी स्टार सांगून टाकते, साडेतीन. चार देणार होते, अर्धा का कापला ते खाली येईल, थोडं लांब आहे, चहा घेऊन बसा.

कोर्सचं आणि संस्थेचं नाव लिहीत नाहीये, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको, आणि तसंही हल्ली असे कोर्स पैशाला पासरी झालेत, 'डिकॉलनायझिंग' हा शब्द पुढे लावला की काहीही खपतं, सगळ्यांचा सिलॅबस एकोणीस-वीसच असतो, त्यामुळे तुम्ही दुसरीकडे कुठे पैसे भरायच्या विचारात असाल तरी हे कामाला येईल. विषय जागतिक राजकारणाच्या अभ्यासाचं डिकॉलनायझेशन. मराठीत निर्वसाहतीकरण, जो शब्द मी स्वतः वर्गात बोलताना एकदा तरी अडखळतेच. सहा आठवडे, मंगळवार-गुरुवार रात्री साडेनऊ ते अकरा, फी ७,२०० रुपये, लवकर भरले तर ५,९००. मी लवकरवाले भरले.

मी वसईला असते, ज्युनियर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. अकरावी-बारावी. एमएला आंतरराष्ट्रीय संबंध हा पेपर होता तेव्हा नोट्स पाठ केल्या, वास्तववाद, उदारमतवाद, सत्तासंतुलन, प्रत्येकी दहा मार्कांचं उत्तर, विषय संपला. तेव्हा कधी डोक्यातही आलं नाही की हे सगळे सिद्धांत मांडणारे लोक दोन-तीन देशांतलेच का आहेत, आणि बाकीचं जग त्यात फक्त उदाहरण म्हणूनच का येतं. हा प्रश्न माझा नाही हं, कोर्समधूनच आला, पण आला आणि बसलाच.

पहिल्याच दिवशी सरांनी (सर म्हणजे कोर्स शिकवणारे, तिकडचे, पण मी सरच म्हणते) एक छोटं काम दिलं. चॅटमध्ये फक्त एक साल लिहा, जागतिक राजकारण तुमच्या मते कधी सुरू होतं. बास, काही स्पष्टीकरण नको. धडाधड आकडे यायला लागले. १६४८ लिहिणारे सगळ्यात जास्त, म्हणजे वेस्टफालियाचा तह, युरोपातल्या सार्वभौम राज्यांची सुरुवात मानतात तो, जो आपण सगळ्यांनी पाठ केलाय. मग १९१९, १९४५, म्हणजे दोन महायुद्धांनंतरची सालं. एका आफ्रिकन मुलीने १८८४ लिहिलं, बर्लिनला टेबलाभोवती बसून आफ्रिकेच्या वाटण्या सुरू झाल्या ते साल. कॅरिबियनमधल्या एका बाईंनी १४९२ लिहिलं, कोलंबस तिकडे पोचला ते साल. आणि मी? मी लिहिलं १९९१, सोव्हिएत संघ फुटला ते. कारण बारावीच्या पुस्तकाचा पहिला धडाच '१९९१ नंतरचे जग' आहे आणि बोटांना तेवढंच येतं! पाठवल्यावर जीभ चावली, पण सर हसले नाहीत. म्हणाले हे बघा, प्रत्येकाचं घड्याळ कुणीतरी लावून दिलेलं आहे, कोणी लावलं ते आपण सहा आठवडे शोधणार आहोत. इथे माझे पाचशे रुपये वसूल झाले असं मी धरते.

तर डिकॉलनायझेशन म्हणजे काय, ज्यांना कोर्स करायचाच नाही त्यांच्यासाठी माझ्या शब्दांत. एक अर्थ आपल्या पुस्तकात असतो तो, परकी सत्ता गेली, झेंडा बदलला, युनोत खुर्ची मिळाली. १९४५ साली युनोचे ५१ सभासद होते, आज १९३ आहेत, ही वाढ बऱ्याच अंशी त्या अर्थाच्या डिकॉलनायझेशनची. दुसरा अर्थ अभ्यासाचा. म्हणजे देश सुटले पण देशांबद्दल बोलायची भाषा कोणाची राहिली? राज्य कशाला म्हणायचं, सार्वभौम कोण, फसलेलं राज्य कुठलं, सुव्यवस्था म्हणजे कोणाची सुव्यवस्था, हे शब्द जिथे घडले तिथल्याच अनुभवावर बेतलेत आणि मग तेच माप घेऊन सगळ्यांना मोजतात, आणि माप बसलं नाही की माणसात खोट काढतात, मापात नाही. आमच्या स्टाफरूममधल्या एका सरांचं मत असं की मॅडम एवढे पैसे भरून इंग्रजांना शिव्याच द्यायच्या होत्या तर आम्ही फुकट दिल्या असत्या. नाही हो सर. शिव्या देणं सोपंय, शिव्या देऊनसुद्धा माप तेच वापरता येतं, तीच तर गंमत आहे.

दुसरा आठवडा जबरदस्त. आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाची जन्मकथा आपल्याला अशी शिकवतात : पहिलं महायुद्ध झालं, माणसं मेली, शहाण्यांना वाटलं पुन्हा असं व्हायला नको, म्हणून १९१९ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला या विषयाचं पहिलं अध्यासन, म्हणजे खास या विषयाचं प्राध्यापकपद, निघालं. खोटं नाहीये, अध्यासन निघालंच. पण सरांनी दुसरी जन्मपत्रिका पण काढली. अमेरिकेत क्लार्क युनिव्हर्सिटीतून १९१० पासून एक नियतकालिक निघत होतं, त्याचं नाव होतं 'जर्नल ऑफ रेस डेव्हलपमेंट'. वंशविकासाचं नियतकालिक! मागासलेल्या वंशांचं काय करायचं, त्यांना कसं हाताळायचं, हा त्याचा विषय. १९१९ मध्ये त्याचं नाव बदलून 'जर्नल ऑफ इंटरनॅशनल रिलेशन्स' केलं आणि १९२२ मध्ये ते 'फॉरेन अफेअर्स'मध्ये विलीन झालं, हो, तेच 'फॉरेन अफेअर्स' जे युपीएससीवाली पोरं कव्हर दिसेल असं धरून लोकलमध्ये वाचतात. म्हणजे जो विषय मी शांततेचं शास्त्र म्हणून शिकवत होते त्याचा एक पाय साम्राज्य कसं सांभाळायचं या प्रश्नात रोवलेला होता. पाटी बदलली, दुकान तेच.

आणि त्याच १९१९ चं दुसरं प्रकरण. महायुद्धानंतरच्या पॅरिसच्या शांतता परिषदेत जपानने सुचवलं की राष्ट्रसंघाच्या (युनोच्या आधीची संघटना) कराराच्या मसुद्यात सगळ्या राष्ट्रांच्या समानतेचं एक वाक्य घाला. ११ एप्रिलला मत घेतलं, १७ पैकी ११ बाजूने. बहुमत झालं ना? तर बैठकीचे अध्यक्ष होते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन, आपल्या पुस्तकातले स्वयंनिर्णयवाले विल्सन, ते म्हणाले एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीला एकमत लागतं. संपलं. मग त्याच करारात कलम २२ आलं, की जे लोक अजून स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाहीत त्यांचं पालकत्व पुढारलेल्या राष्ट्रांनी घ्यावं. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीच्या एजीएमचा अनुभव असणाऱ्या कुणालाही हा नियम लगेच कळेल, ठराव आपल्याला नको असला की एकमत लागतं.

तिसऱ्या आठवड्यात हैती. इथे मी खरंच गप्प बसले, जेवण पण पुढ्यात तसंच राहिलं होतं. हैती म्हटल्यावर माझ्या डोक्यात काय येतं तर भूकंप, गरिबी, गुंडांच्या टोळ्या. तर ही कॅरिबियनमधली फ्रान्सची वसाहत, १७९१ मध्ये तिथल्या गुलामांनी उठाव केला, नेपोलियनच्या सैन्याला हरवलं आणि १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र झाला. गुलामांनी स्वतः लढून उभा केलेला देश. आता गंमत बघा, अमेरिकन क्रांती आणि फ्रेंच क्रांती आपण सालावळीसकट शिकवतो, आणि 'सगळी माणसं समान' हे वाक्य ज्यांनी सगळ्यात शब्दशः घेतलं त्यांच्यावर आपल्याकडे एक टीप पण नाही. बरं पुढे काय झालं, १८२५ मध्ये फ्रान्सच्या राजाने युद्धनौका पाठवल्या आणि सांगितलं, मान्यता हवी असेल तर १५ कोटी फ्रँक द्या. कशाबद्दल? आमच्या मळेवाल्यांचं नुकसान झालं त्याबद्दल. नुकसानीत जमीन होती आणि माणसंही होती. म्हणजे जो माणूस काल गुलाम होता त्याने आज स्वतःची किंमत मालकाला चुकती करायची. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली, पण ते फेडायला फ्रेंच बँकांकडूनच कर्ज काढलेलं, त्याचे हप्ते आणि व्याज १९४७ पर्यंत चालू होते. आपला देश स्वतंत्र झाला त्या सालापर्यंत! सरांनी त्या दिवशी स्लाईडवर फक्त ही सालं एकाखाली एक लिहिली, सावकाराच्या वहीसारखी, आणि एवढंच विचारलं की आता सांगा 'फसलेलं राज्य' हा शब्द कुठल्या ओळीपुढे लिहायचा. पैसे वसूल, पूर्ण.

इथपर्यंत पाच स्टार होते.

चौथ्या आठवड्यात गाडी घसरली. एक पाहुणे वक्ते आले आणि दीड तास एपिस्टेमिक, कलोनियॅलिटी, प्लुरिव्हर्सल असे शब्द कुकरच्या शिट्ट्यांसारखे येत राहिले. माझं इंग्रजी बरंय, तरी अर्ध्यावर माझा हात मोबाईलकडे गेला. कळलं ते एवढंच की अनिबाल किहानो नावाच्या पेरूच्या समाजशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं, वसाहत गेली तरी वसाहतीने घालून दिलेली उतरंड, म्हणजे कोण वरचा कोण खालचा, कोणाचं ज्ञान ज्ञान आणि कोणाचं ज्ञान लोककथा, ती राहतेच. हे एका वाक्यात सांगता येतं, आत्ता सांगितलं की मी. ज्या अभ्यासाचं म्हणणंच असं की ज्ञान मूठभरांच्या भाषेत अडकलंय, त्याने स्वतः अशी भाषा बोलावी जी मूठभरांनाच कळते, याला काय म्हणायचं? एकाने चॅटमध्ये विचारलं की हिंदीत, स्वाहिलीत किंवा आणखी कुठल्या भाषेत वाचायला काही आहे का. उत्तर आलं, सध्या सगळं रीडिंग इंग्रजीत आहे, असाईनमेंटही इंग्रजीतच द्या. स्मायली सोबत.

मात्र त्याच आठवड्यात रीडिंगला दिलेले दोन विरोधी आवाज चांगले होते, ते सोडू नका. एक ईव्ह टक आणि के. वेन यांग यांचा २०१२ चा लेख, त्यांचं म्हणणं डिकॉलनायझेशन ही उपमा नाहीये, ज्यांची जमीन गेली त्यांना जमीन परत, बाकी सगळ्याला दुसरं काहीतरी नाव द्या. आणि दुसरे नायजेरियाचे ओलुफेमी ताइवो, ते २०२२ च्या पुस्तकात म्हणतात पुरे करा आता हा शब्द, प्रत्येक गोष्टीवर वसाहतीचा शिक्का मारताना आफ्रिकेच्या माणसांनी स्वतः विचार करून काय उचललं, काय बदललं, हे तुम्ही पुसून टाकता. मला ताइवो पटले. आमच्या वसईत निम्मे शेजारी कुपारी ख्रिस्ती, आडनावं पोर्तुगीज, घरात बोली सामवेदी, लग्नात नऊवारी, आता यांच्यातलं वसाहतीचं किती आणि त्यांचं स्वतःचं किती हे कोण कापून वेगळं करणार?

पाचव्या आठवड्यात भारत आला. एक सेशन. अख्ख्या कोर्समध्ये एक. बांडुंग १९५५, म्हणजे इंडोनेशियात भरलेली आशिया-आफ्रिकेतल्या २९ देशांची परिषद, नेहरू, इंडोनेशियाचे सुकर्णो, मग १४ डिसेंबर १९६० चा युनोचा ठराव १५१४, वसाहतवाद संपवा म्हणणारा, ८९ विरुद्ध शून्य, ९ तटस्थ, आणि तटस्थांमध्ये अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, पोर्तुगाल. इथवर ठीक. मग अचानक कौटिल्य आले. मंडल सिद्धांताची (शेजारचा राजा शत्रू, त्याच्या पलीकडचा मित्र) एक स्लाईड, वर्तुळात वर्तुळ, आणि सांगितलं हा बघा बिगरपाश्चात्त्य सिद्धांत. झालं? म्हणजे इटलीच्या मॅकियाव्हेलीच्या, त्यांच्या राजनीतीवाल्याच्या, फोटोफ्रेममध्ये कौटिल्य बसवला की डिकॉलनायझेशन झालं? हे आपल्याकडेही जोरात चालू आहे, जुनी पोथी काढायची, त्यात तेच शोधायचं जे त्यांच्याकडे आहे आणि म्हणायचं आमच्याकडे आधीच होतं. माप तेच, फक्त आपला माणूस त्यात बसवून दाखवला.

मला राहवलं नाही, मी चॅटमध्ये लिहिलं की फुले, आंबेडकर कुठे आहेत. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही ड्यू बॉइस शिकवलात, अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत, विसाव्या शतकाचा प्रश्न हा वर्णरेषेचा, म्हणजे गोऱ्या-काळ्यातल्या भेदाचा, प्रश्न आहे म्हणणारे, तर १९४६ मध्ये बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइसना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय युनोकडे अर्ज करतायत असं कळलं म्हणून त्याच्या प्रती मागवल्या होत्या, आपल्याकडे अस्पृश्यांच्या वतीने तसंच काही करता येईल का ते बघायला. ड्यू बॉइसनी उत्तरही दिलं. आणि त्याच्या कितीतरी आधी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पुण्यात बसलेला माणूस अमेरिकेतल्या गुलामांच्या सुटकेशी शूद्रातिशूद्रांचा धागा जोडतोय, हे जागतिक राजकारण नाही तर काय आहे? शिवाय यात एक अडचणीचा प्रश्न पण आहे, जो मला चर्चेत हवा होता, की फुल्यांच्या दृष्टीने इंग्रज येणं आणि इंग्रज जाणं याचा हिशोब सरळ नव्हता, कारण आधीची पेशवाई त्यांना ठाऊक होती. वसाहत बाहेरून येते तशी आतही असते. माझ्या मेसेजला मदतनीस मुलीने लाल बदाम दिला. बास. सेशन पुढे गेलं.

आता अर्धा स्टार. शेवटी १,५०० शब्दांची असाईनमेंट होती, आपल्या आवडीची एक केस घ्या आणि ती 'डिकॉलनायझ' करून वाचा. मी घेतलं दादरा-नगर हवेली. इथून सिल्व्हासा, तिथलं मुख्य शहर, काही लांब नाही, दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी तिकडच्या रिसॉर्टला जाऊन फोटो टाकतंच. १९५४ ची गोष्ट, म्हणजे स्वयंसेवकांनी पोर्तुगीजांकडून ते सोडवल्याची, आपल्या घरांत थोडीफार माहीत असते, कारण त्यात गायक-संगीतकार सुधीर फडके, आपले बाबूजी, होते, बाबासाहेब पुरंदरे होते. माझे वडील रेडिओवर बाबूजींचं गाणं लागलं की दरवेळी सांगायचे, हा माणूस बंदुका जमवत होता बरं का. २ ऑगस्टला सिल्व्हासा सुटलं. त्यानंतरचं मात्र मलाही नीट माहीत नव्हतं. पोर्तुगालने १९५१ मध्येच घटनेत बदल करून वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' असं नाव दिलेलं, म्हणजे आमच्याकडे वसाहतच नाही, काय विचारता! १४ डिसेंबर १९५५ ला ते युनोत आले आणि आठच दिवसांत, २२ तारखेला, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध केस टाकली, की दमणहून आमच्या गावांपर्यंत जायचा आम्हाला रस्ता द्या.

निकाल १२ एप्रिल १९६० चा. पीडीएफ मिळते, मी दोन रविवार घालवून वाचली. तुम्हाला सांगते, हेगच्या कोर्टाच्या निकालात पुण्याचा तह आहे. १७७९ चा, मराठे आणि पोर्तुगीज यांच्यातला. मागाहून निघालेल्या १७८३ आणि १७८५ च्या सनदा आहेत. पोर्तुगाल म्हणतंय की मराठ्यांनी आम्हाला गावं सार्वभौमत्वासकट दिली. भारत म्हणतोय तह धड झालाच नाही आणि झाला असला तरी दिला तो फक्त वसूल. कोर्ट म्हणालं, तह वैध आहे, आजच्या पद्धतीच्या मापाने त्या काळचा तह मोजू नका, मराठे स्वतः तो बंधनकारक मानत होते ना, मग झालं. आणि पुढे, मराठ्यांनी जिथे कायमची सत्ता द्यायची होती तिथे त्यांच्या तहांत तसे शब्द असायचे, इथे ते शब्द नाहीत. इथे दिली ती वर्षाला १२,००० रुपये वसुलाची जहागीर किंवा सरंजाम. निकालात हेच दोन शब्द आहेत, जागीर, सरंजाम. रोमन लिपीत, पण आपलेच. मोडी दफ्तरातला महसुली शब्द हेगला जाऊन उभा राहिला आणि पोर्तुगालचं सार्वभौमत्व त्या शब्दाला अडखळलं, वाचताना मी एकटीच टाळी वाजवली, मुलगा हेडफोन काढून बघायला लागला.

पण थांबा, पुढचं पान आहे. कोर्ट म्हणतं, ठीक आहे, मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलं नव्हतं, पण नंतर इंग्रज आले आणि त्यांनी पोर्तुगीजांचा अंमल मुकाट्याने मान्य केला, पुढे भारतानेही तसंच चालू दिलं, म्हणून पोर्तुगालचं सार्वभौमत्व मान्य झाल्यात जमा. म्हणजे बघा. मराठ्यांनी लिहून दिलेला कागद एका पारड्यात आणि इंग्रजांनी न बोललेलं दुसऱ्या पारड्यात, आणि वजन कुठे पडलं? ज्याचं गप्प बसणंही कायदा होतं तो साम्राज्यवाला. मला वाटतं अख्ख्या कोर्समधल्या सिद्धांतापेक्षा ही दोन पानं जास्त शिकवतात. निकाल शेवटी आपल्याला फार जड गेला नाही, सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जायचा हक्क होता पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारं यांना नाही, आणि भारताने १९५४ मध्ये रस्ता अडवला तो त्यावेळच्या तणावामुळे अडवला, त्यात काही चूक नाही, असं ठरलं. पुढे १९६१ मध्ये के. जी. बडलानी नावाच्या एका आयएएस अधिकाऱ्यांना एका दिवसापुरतं तिथलं पंतप्रधान केलं, भारत सरकारबरोबर विलीनीकरणाच्या करारावर सही करायला कोणीतरी लागतं म्हणून. हा मजेशीर भाग मी तळटीपेत टाकला होता.

हे सगळं मी लिहिलं. रात्री एक-एक वाजेपर्यंत बसून, इंग्रजीत, जागीर आणि सरंजामला तिरपा ठसा देऊन. मार्क आले ६८, आणि कॉमेंट आली त्याचा मराठीत अर्थ असा : छान लोकल केस, पण जागतिक चर्चेशी आणखी जोडायला हवी होती, थिअरी कमी पडली.

लोकल. हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय, पोर्तुगाल, ब्रिटन, भारत, मराठे, पावणेदोनशे वर्षं, आणि केस लोकल. मी रोज ज्या गाडीला लटकते तिला लोकल म्हणतात. मार्कांचं दुःख नाहीये, मी स्वतः पेपर तपासते, शंभर पेपर झाल्यावर माणूस काय लिहितो मला माहितीय. पण पहिल्या दिवशी ज्यांनी घड्याळ कोणी लावलं विचारलं त्यांच्याच माणसाने हे लिहावं? त्यांनी सांगितलेल्या विचारवंतांपैकी तीन-चार नावं पेरली असती तर तीच केस जागतिक झाली असती, हे मला पण कळतं, आणि नेमकं तेच मी केलं नाही. मेल केली, उत्तर आलं की ग्रेड अंतिम असते. अर्धा स्टार तो हा.

एक गोष्ट मात्र माझीही राहिली, ती कोर्सवर ढकलत नाही. हीच केस मी नंतर बारावीच्या वर्गात सांगितली, सिलॅबसमध्ये नाहीये, तासाला वीस मिनिटं उरली होती. पोरांना बाबूजींचं नावच ओळखीचं नाही, ते जाऊ दे, पण १२,००० रुपयांची जहागीर म्हटल्यावर तलासरीकडचा एक मुलगा, वारली आहे, इथे काकाकडे राहून शिकतो, सहसा बोलत नाही, त्याने विचारलं, मॅडम, ते बारा हजार कोण भरायचं? आणि मी पुढे बोलायला तोंड उघडलं तर उत्तरच नव्हतं. मराठ्यांनी दिले, पोर्तुगीजांनी घेतले, इंग्रज गप्प बसले, कोर्टाने शब्द तपासले, मी टाळी वाजवली, आणि ज्यांच्या शेतातून, जंगलातून तो वसूल निघत होता ते वारली, कोकणा, धोडिया लोक माझ्या १,५०० शब्दांत एका ओळीत पण नव्हते. कोर्टाच्या चर्चेत ती गावं आहेत, गावातली माणसं नाहीत, आणि मी कोर्टाच्याच चष्म्यातून बघत होते. मी त्याला म्हटलं शोधते. अजून शोधतेय.

आता कामाचं. कोणी घ्यावा : एमए करणारे, नेट-सेट देणारे, माझ्यासारखे शिक्षक. युपीएससीसाठी घेत असाल तर नका घेऊ, पेपरात याच्यावर जेमतेम एखादा प्रश्न येतो आणि तो जुन्या नोट्सवर सुटतो. पहिले तीन आठवडे लाईव्ह करा, रेकॉर्डिंगमध्ये मजा नाही. चौथा आठवडा दीडपट स्पीडवर चालेल, फक्त त्यातली दोन विरोधी रीडिंग वाचा. सर्टिफिकेट पीडीएफमध्ये येतं, कॉलेजात दाखवलं, प्राचार्यांनी फाईलला लावलं, पुढे काही होईल असं वाटत नाही. रेकॉर्डिंग ९० दिवसच राहतं आणि डाउनलोड होत नाही, हे फी भरायच्या आधी लिहायला हवं होतं, शेवटच्या मेलमध्ये लिहिलंय.

पुढच्या बॅचला मित्रमैत्रिणींसाठी माझ्या नावाचं दहा टक्क्यांचं कूपन आलंय. कुणाला पाहिजे असेल तर सांगा, पण भरताना चॅटमध्ये पहिल्याच दिवशी विचारा की असाईनमेंट मराठीत चालेल का. दहा-बारा जणांनी विचारलं तर निदान स्मायली तरी बंद होईल.